वासाचं झुडूप आणि बिनपंखी पतंग

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, हायलँड्समध्ये, दलदलीच्या कडेनं चालताना मांडीपर्यंत येणाऱ्या एका झुडपाला अंग घासतं आणि वास सुटतो. राळेचा वास, त्यात निलगिरीची झाक आणि मागे काहीतरी गोडसर. पान बोटांत चुरगाळलं तर तो वास हातावर बराच वेळ राहतो. बॉग मर्टल हे या झुडपाचं इंग्रजी नाव, स्वीट गेल हे दुसरं. वनस्पतिशास्त्रात मायरिका गेल. पान उजेडाकडे धरलं की त्यावर सोनेरी-पिवळे बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पायनीन, लिमोनीन, सिनिओल अशी उडून जाणारी द्रव्यं त्यांत साठलेली असतात. यातलं सिनिओल हेच निलगिरीच्या तेलाचं मुख्य द्रव्य, म्हणून ती झाक ओळखीची वाटते.

या वासावर तिथल्या लोकांचा भरवसा जुना आहे. पिसवा पळाव्यात म्हणून अंथरुणात या झुडपाच्या डहाळ्या घालत. उन्हाळ्यात दलदलीतून चिलटांचे ढग उठतात, डासाहून कितीतरी बारीक आणि चावायला तितकीच तिखट. ती लांब राहावीत म्हणून टोपीत बॉग मर्टलची डहाळी खोचायची पद्धत आहे. किड्यांना लांब ठेवणारं झुडूप अशीच त्याची ख्याती. आणि तरी जुलै-ऑगस्टमध्ये वाकून पाहावं तर पानांना भोकं पडलेली, कडा कुरतडलेल्या, एखाद्या शेंड्याची चार-पाच पानं रेशमाच्या धाग्यांनी एकमेकांना बांधलेली. आत पतंगाची अळी असते. ज्या तेलानं बाकीचे किडे मागे फिरतात, त्या तेलासकट ती पान खाते आणि वाढते.

झुडपाचं मोल त्याच्या पानावर कोण कोण जगतं यावरून करावं, असं मला ठामपणे वाटतं. बॉग मर्टलचा उपयोग माणसानं बऱ्याच प्रकारे केला, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण या लेखाचं कारण ते उपयोग नाहीत. कारण आहे भोक पडलेलं पान.

हे सगळं एकत्र पाहायचं तर रॅनॉख मूरला जावं लागतं. मूर म्हणजे उघडा, झाडं नसलेला ओला माळ. रॅनॉखचा माळ ग्रॅनाइटच्या उथळ परातीत पसरलेला आहे, सुमारे १३० चौरस किलोमीटर. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून गेला आणि मागे खळगे, डबकी, लहानमोठी तळी राहिली. त्यात शेवाळ वाढलं, मेलं, त्यावर पुन्हा वाढलं. पाणी साचलेलं, आम्लधर्मी, प्राणवायू नसलेलं, त्यामुळे मेलेलं शेवाळ धड कुजत नाही. त्याचे थरावर थर साचतात. शाळेच्या भूगोलात कोळशाच्या प्रकारांमध्ये पहिलं नाव असायचं ते पीट, ते हेच. ते साचण्याचा वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर. माणसाच्या उंचीइतका थर साचायला दीड-दोन हजार वर्षं लागतात.

या माळावरून रेल्वे जाते. वेस्ट हायलँड मार्ग १८९४ साली फोर्ट विल्यमपर्यंत सुरू झाला. रूळ टाकायला घट्ट तळच मिळेना, तेव्हा झाडांची मुळं, फांद्या, काटक्या यांची जाड गादी अंथरून तिच्यावर हजारो टन माती आणि राख ओतली, आणि त्या तरंगत्या भरावावर गाडी चालवली. अजून चालते. त्याआधी १८८९ च्या जानेवारीत या मार्गाच्या कामाशी संबंधित सात जण माळ पायी ओलांडायला निघाले होते. वाऱ्या-पावसात, अंधारात त्यांची फाटाफूट झाली. सगळे वाचले हे नशीब म्हणायचं. रॅनॉख स्टेशनवर उतरून शंभर पावलं बाजूला गेलं तरी त्यांच्यावर काय प्रसंग ओढवला असेल याची कल्पना येते. जमीन पायाखाली हलते. घट्ट वाटलेली हिरवळ पाण्यावरची साय निघते.

अशा जमिनीत वाढायचं तर मोठी अडचण नत्राची. मेलेल्या वनस्पती कुजत नाहीत, म्हणून त्यांच्यातलं नत्र सुटं होत नाही. प्रत्येक वनस्पतीनं यावर आपापली तोड काढली आहे. दवबिंदू ही चिकट केसांची इवली वनस्पती किडे पकडून पचवते. तिची गोल पानांची जात रॅनॉखला पावलोपावली आहे, आणि तिच्याच कुळातल्या जाती कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात दिसतात, कारण तिथल्या कातळावरच्या पातळ मातीतही नत्राची तशीच चणचण असते. बॉग मर्टलची तोड वेगळी. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि गाठींमध्ये फ्रँकिया नावाचे जीवाणू राहतात. हवेतलं नत्र पकडून ते झुडपाला देतात, झुडूप त्यांना साखर देतं. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या वाळूत लावलेल्या सुरूच्या मुळांतही हाच फ्रँकिया आहे. उपाशी वाळूत सुरू इतका झपाट्यानं वाढतो तो त्याच्याच जोरावर. बॉग मर्टलचं पान जमिनीवर गळतं तेव्हा हे नत्र आसपासच्या मातीत उतरतं. म्हणजे एवढ्या कंगाल दलदलीत नत्र बाहेरून आणणाऱ्या मोजक्या झाडाझुडपांपैकी हे एक. अळ्यांना ते पान का परवडतं, याचं काही उत्तर मला इथे दिसतं. वास उग्र आहे, पण पान पोसणारं आहे.

झुडूप दलदलीच्या अगदी मध्यावर, फक्त पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या भागात कमी दिसतं. त्याला थोडं हलतं पाणी लागतं. ओढ्याचे काठ, तळ्यांच्या कडा, उतारावरून झिरपा येतो त्या पट्ट्यात त्याची दाट जाळी असते. एप्रिल-मेमध्ये, पानं फुटायच्या आधी, तांबूस डहाळ्यांवर तुरे येतात. नर आणि मादी झुडपं बहुधा वेगळी असतात, पण एखादं झुडूप एका वर्षी नर आणि पुढे मादी होतं, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अभ्यासकांनी नोंदवली आहे. परागकण वाऱ्यावर जातात. बीला दोन्ही बाजूंना फुगीर पंख असतात, त्यावर ते पाण्यात तरंगत दुसऱ्या काठाला लागतं.

माणसानं याचे काय काय उपयोग केले ते थोडक्यात सांगतो. हॉप्सचं चलन होण्याआधी उत्तर युरोपात बिअरला चव आणायला आणि ती टिकवायला ज्या वनस्पतींचं मिश्रण घालत, त्यात बॉग मर्टल मुख्य असे. कॅम्पबेल घराण्याचं ते मानचिन्ह. मराठी घरांतही या झुडपाचा एक भाऊबंद येऊन गेलेला आहे. काष्ठौषधींच्या दुकानात कायफळ म्हणून साल मिळते, सर्दीत हुंगायला आणि अंग गार पडलं तर चोळायला, ती मायरिका एस्क्युलेंटा या हिमालयातल्या आणि खासी टेकड्यांवरच्या झाडाची. उत्तराखंडात त्याचीच आंबटगोड फळं काफळ म्हणून उन्हाळ्यात रस्त्यावर विकायला येतात. वंश एकच, मायरिका.

आता खाणाऱ्यांकडे येऊ.

पहिली अळी आर्जंट अँड सेबल या पतंगाची. हा पतंग दिवसा उडतो, मे-जूनच्या उन्हात, आणि त्याच्या काळ्या पंखांवर पांढऱ्या पट्ट्यांची अशी ठळक नक्षी असते की लांबून फुलपाखरूच वाटावं. पानं बांधून आत राहणारी अळी ती हीच. आपल्याकडे शेतकरी ‘पानं गुंडाळणारी अळी’ म्हणतात त्यातला प्रकार. घर आणि जेवण एकाच ठिकाणी, वर पक्ष्यांच्या नजरेपासून आडोसा. गंमत अशी, की इंग्लंड आणि वेल्समध्ये हाच पतंग भूर्जवृक्षाच्या कोवळ्या झाडांवर वाढतो आणि स्कॉटलंडच्या दलदलीत बॉग मर्टलवर. एकाच जातीची दोन ताटं. मात्र ही ताटं एकमेकांना अगदी परकी नाहीत. भूर्ज आणि बॉग मर्टल ही दोन्ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात फॅगेलीस या एकाच गणातली. खूप मागे त्यांचे पूर्वज एक होते, आणि अळी दोन्हीकडे नांदू शकते त्यामागे हे नातं असावं असा माझा कयास आहे. इंग्लंडमध्ये हा पतंग फार कमी झाला. स्कॉटलंडमध्ये तो तगून आहे, आणि इथे त्याचा मोठा आधार बॉग मर्टलच आहे.

दुसरी अळी एम्परर मॉथची. ती कुठल्या एका झुडपाला बांधलेली नाही. माळावरचं हेदर हे झुडूप तिचं नेहमीचं खाणं, पण बॉग मर्टलही ती आवडीनं खाते. लहानपणी काळी, पुढे मोठी हिरवीगार होते, अंगावर काळे पट्टे आणि त्या पट्ट्यांवर पिवळे किंवा गुलाबी उठाव, त्यातून केस. विदर्भातल्या वाचकाला तिचं घराणं सांगायला हवं. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजातले लोक ज्या अळ्या पाळतात, ज्यांच्या कोशातून कोसा निघतो, तो टसर पतंग आणि हा एम्परर एकाच सॅटर्निडी कुळातले. या कुळातला ब्रिटनमध्ये राहणारा हा एकमेव. चारही पंखांवर डोळे काढलेले, मोठं झाल्यावर दोघांनाही खायला तोंडच नाही, मादीच्या गंधामागे नरानं लांबून धावत येणं तेच. फरक कोशात आहे. टसरचा कोसा सगळीकडून बंद असतो आणि पतंग बाहेर पडताना लाळेनं तो मऊ करून वाट काढतो. एम्पररच्या तपकिरी कोशाच्या तोंडाशी ताठ केसांचं कडं असतं, ते आतून ढकललं तर उघडतं आणि बाहेरून ढकललं तर आवळतं. त्यातून सूत निघत नाही, म्हणून त्याच्यामागे कोणी उद्योग उभारला नाही. हेदरच्या काटक्यांमध्ये तो कोश हिवाळाभर पडून असतो.

तिसरी अळी जिच्यासाठी मी हा विषय हातात घेतला, ती रॅनॉख ब्रिंडल्ड ब्युटी या पतंगाची.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले पतंग गोळा करणारे शौकीन रॅनॉखला येत. रॅनॉखच्या तळ्याकाठी ब्लॅक वूड नावाचं पाइनचं प्राचीन जंगल, बाजूला हा माळ, आणि दक्षिणेत न मिळणाऱ्या जाती. रॅनॉखचं नाव लागलेले तीन पतंग आहेत: रॅनॉख लूपर, रॅनॉख स्प्रॉलर आणि हा. शास्त्रीय नाव लायसिया लॅपोनॅरिया, त्यात युरोपच्या थंड उत्तरेतलं लॅपलँड आहे. हा थंडीतलाच जीव. नर राखी, पंख जरा पारदर्शक, सुरेख पिसांसारख्या मिशा. मादीला मात्र पंखच नाहीत. काळपट राखी, केसाळ, फुगीर अंग, पाठीवर नारिंगी छटेची बारीक रेघ. पाहिल्याबरोबर हा पतंग आहे असं कुणाला सुचणार नाही, कोळी किंवा मोठा केसाळ किडा वाटतो.

मार्च संपताना आणि एप्रिलात, डोंगरावर बर्फ असताना, ती जमिनीतून वर येते. पंख का नाहीत याचा विचार केला की त्या हवेचा अंदाज लागतो. उडायला छातीचे स्नायू तापावे लागतात, आणि शून्याच्या आसपासच्या वाऱ्यात ते तापवणं महागात पडतं. उडालं तरी वारा कुठे नेऊन टाकेल याचा भरवसा नाही. मादीनं ही सगळी शक्ती अंड्यांत घातली आहे. तिचं पोट अंड्यांनी भरलेलं असतं आणि तिला जे चालायचं ते सहा पायांवर. एखाद्या सुक्या दांडीवर नाहीतर जुन्या लाकडी खांबावर चढून ती उन्हात बसते आणि नर तिच्याकडे येतो.

अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या बॉग मर्टल, हेदर, बिलबेरी, भूर्ज अशा झुडपांवर उन्हाळाभर चरतात. चालताना पाठीची कमान करतात. सोयाबीनवरची उंटअळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही चाल ठाऊक आहे. कूळ वेगळं, लकब तीच, कारण मधल्या भागात पाय कमी. उन्हाळा सरता सरता त्या खाली उतरतात, शेवाळात-मातीत कोश करतात आणि हिवाळा तिथेच काढतात. कधी एक हिवाळा, कधी दोन, कधी त्याहूनही अधिक.

बिनपंखी मादीचा अर्थ जमिनीच्या भाषेत फार स्पष्ट आहे. जिथे ती जन्मली त्याच्या आसपास ती मरणार. मधे रस्ता आला, सुकलेला पट्टा आला, लागवडीचं दाट जंगल आलं, की पलीकडची चांगली दलदल तिच्यासाठी नसल्यासारखी. उडणाऱ्या पतंगाचं एक ठिकाण गेलं तर दुसरं शोधायची त्याला सोय आहे. हिला नाही.

आणि ठिकाणं गेली. दलदल म्हणजे वाया गेलेली जमीन, हा समज स्कॉटलंडमध्ये शतकानुशतकं पक्का होता. विसाव्या शतकात सरकारी अनुदानावर माळ चरांनी चिरले गेले, पाणी निचरून मेंढ्यांना गवत व्हावं म्हणून. उत्तरेकडच्या केथनेस आणि सदरलंडमधल्या फ्लो कंट्रीत १९७० आणि ८० च्या दशकांत करसवलतींच्या आधारानं पीटवर सिटका स्प्रूस आणि पाइनची लागवड झाली. लांबच्या शहरांतल्या पैसेवाल्यांना कर वाचवायला ती सोयीची होती. त्यावर मोठा वाद झाला आणि १९८८ च्या अर्थसंकल्पात ती सवलत बंद झाली. तोवर नांगरट होऊन गेली होती. दाट स्प्रूसखाली उजेड पोचत नाही, तिथे बॉग मर्टल उरत नाही. त्याच फ्लो कंट्रीला २०२४ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. आपल्या कोकणातले सडे असेच कागदावर पडीक नाहीतर पोटखराबा असतात, आणि त्यांच्यावर सुरुंग लावून, माती आणून टाकून हापूसची कलमं उभी राहतात. कास २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर वारशाच्या यादीत आलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक सड्यांना तशी कोणतीच ढाल नाही. पडीक हा शेरा मारणाऱ्यानं त्या जमिनीवर गुडघे टेकून पाहिलेलं नसतं, हे दोन्हीकडे खरं आहे, आणि त्याचा मला राग येतो.

आगीचा प्रश्न आणखी थेट. हेदरला नवे कोंब फुटावेत, मेंढ्यांना आणि शिकारीच्या ग्राउस पक्ष्यांना खाणं मिळावं, म्हणून माळ जाळायची तिथे जुनी रीत आहे. ही जाळपोळ थंडीत सुरू होऊन वसंताच्या तोंडापर्यंत चाले. म्हणजे अगदी त्याच दिवसांत मादी सुक्या दांडीवर बसलेली असते. तिला उडून जाता येत नाही. २०२४ च्या कायद्यानं स्कॉटलंडमध्ये जाळण्याला परवान्याची अट घातली, पीटवर ती आणखी कडक. हे फार आधी व्हायला हवं होतं.

हरणांचं म्हणाल तर मामला सरळ नाही. लांडगे माणसानं केव्हाच संपवले, तांबड्या हरणांची संख्या वाढली, आणि कोवळे शेंडे वाढायच्या आत खुडले जातात. पण कुंपण घालून चरणं पूर्ण थांबवलं आणि जमीनही कोरडी पडत असली, तर भूर्ज आणि पाइन उगवून उघडा माळ झाकून टाकतात. दोन्हीकडून झुडपाची पंचाईत. पाणी जागेवर राहिलं तर हा पेच बराचसा आपोआप सुटतो, कारण चिंब जमिनीत झाडं मोठी होत नाहीत. म्हणून चर बुजवणं हे सगळ्यात मोठं काम. पीटचेच बांध घालून पाणी अडवतात. २०१२ पासून ‘पीटलँड ॲक्शन’ हा सरकारी कार्यक्रम यासाठी चालू आहे, आणि २०२० साली स्कॉटिश सरकारनं दहा वर्षांसाठी २५ कोटी पौंड आणि २०३० पर्यंत अडीच लाख हेक्टर, असं उद्दिष्ट जाहीर केलं. त्या पैशामागचं मुख्य कारण कार्बन आहे. पीट सुकलं की हजारो वर्षं दडलेला कार्बन हवेत जातो. कारण रास्त आहे. पण चर बुजवल्यावर काय परत आलं याचा हिशेब टनांत मांडून भागणार नाही, पानावरही पाहावं लागेल.

पानावर पाहण्याचं काम ब्रिटनमध्ये निष्ठेनं चालतं, हे त्या देशाबद्दल मला फार आवडतं. रॉथमस्टेड संस्थेचे प्रकाशसापळे १९६८ पासून रात्रीमागून रात्री पतंग मोजत आले. १९६८ ते २०१७ या काळात मोठ्या पतंगांची एकूण संख्या सुमारे ३३ टक्क्यांनी घटली, दक्षिणेत ३९ आणि उत्तरेत २२, हे २०२१ साली छापलेल्या अहवालात सगळ्यांसमोर आलं. उत्तरेत घट कमी, म्हणजे तिथे राखण्यासारखं अजून बरंच आहे.

पण बिनपंखी मादी दिव्याकडे उडत येत नाही. तिच्यासाठी वेगळी पद्धत पडली. बटरफ्लाय कन्झर्वेशन ही संस्था स्वयंसेवकांना मार्च-एप्रिलच्या उन्हाच्या दिवशी माळावरच्या कुंपणांकडे पाठवते. एकेक लाकडी खांब बघत जायचं, बुंध्यापासून टोकापर्यंत, सगळ्या बाजूंनी. बोटं थंडीनं बधिर होतात आणि बहुतेक खांबांवर दगडफुलाखेरीज काही नसतं. एखाद्यावर ती असते, लाकडाच्या रंगात मिसळलेली. हात न लावता फोटो, जागा, तारीख, हवा, हे सगळं लिहायचं. दोनेक महिन्यांनी तिथल्याच बॉग मर्टलवर अळ्या पाहायच्या.

रिकाम्या खांबांचा अर्थ लावणं मात्र अवघड आहे. कोश जमिनीत एकाहून अधिक हिवाळे राहू शकतात, त्यामुळे एका वसंतात कोणीच वर आलं नाही म्हणून जागा संपली असं धरता येत नाही. एखाद्या खराब उन्हाळ्यानंतर सगळी पिढी गेली तरी खाली आदल्या सालचे काही कोश उरलेले असतात. पण त्याच वर्षी, ‘इथे काही आढळलं नाही’ या नोंदीवर कोणी त्या पट्ट्यात चर काढला किंवा काडी लावली, तर ते उरलेलेही जातात. म्हणून शून्य मिळालं तरी ते तारखेसकट लिहून ठेवायचं, आणि पुढच्या मार्चमध्ये, त्याच्या पुढच्याही, त्याच कुंपणाशी जायचं.